गुरुवारच्या बसमधली हजेरी

जनार्दनकाकांचा व्हिसा कॅन्सल व्हायला आठ दिवस उरले, तेव्हा कामगारांच्या कॅम्पमधल्या पोरांनी त्यांना विचारलं, काका, जाताना काय पाहिजे तुम्हाला? कुणी सूटकेस सुचवली, कुणी लोबानाचा डबा, एकाने तर मिक्सरचं नाव घेतलं. काकांनी हसून विषय उडवून लावला. जे हवं होतं ते मागायची त्यांना लाज वाटत होती. साठाव्या वर्षी माणसाने चार ओळींचा हट्ट धरायचा म्हणजे जरा अतीच झालं. पण हट्ट होता खरा. बसमध्ये म्हटलेल्या, आपल्या नावाच्या चार ओळी कानावर पडल्याशिवाय मस्कत सोडायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

बस म्हणजे कंपनीची पांढरी बस. सकाळी माबेल्याच्या कॅम्पमधून चाळीस माणसं भरून घ्यायची, रुसैलला पाइपांच्या फॅक्टरीच्या दारात ओतायची आणि संध्याकाळी पाचला गोळा करून परत आणायची. चालवणारा सिराज, हैद्राबादचा. गाडी एक मिनिट उशिरा निघाली तर जगबुडी होईल अशा थाटात हॉर्न मारायचा. चोवीस वर्षांत काकांनी तीन बसगाड्या आणि चार ड्रायव्हर झिजताना पाहिले होते. पण गुरुवार सुरू झाला तो सिराजच्या काळात, आणि सुरू केला साईने.

साई घवाळी कळव्याचा. आयटीआय करून इथे पॅकिंगला लागलेला, अंगाने किडकिडीत, तोंड मात्र फॅक्टरीतल्या कुठल्याही मशीनपेक्षा वेगात चालायचं. दर गुरुवारी, आठवड्याची शेवटची पाळी सुटली की हा ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून मागे तोंड करून उभा राहायचा आणि आठवडाभरात जे जे घडलं ते यमकं जुळवून धडाधड म्हणायचा. कोणाचा बूट फाटला, कोणी मजीदसमोर झोपेत सलाम ठोकला, कोणाच्या डब्यातली मासळी कोणी पळवली. मजीद म्हणजे पाळीचा ओमानी सुपरवायझर. त्याच्यावर साईने एकदा आठ ओळी रचल्या, त्या मजीदने स्वतः बसमध्ये चढून ऐकल्या आणि 'खलास, खलास' करत पोट धरून हसला.

काकांना पहिल्यांदा हा प्रकार बिलकूल आवडला नव्हता. हे गाणं की भांडणाची तालीम, असं त्यांनी उत्तमला बोलूनही दाखवलं होतं. उत्तम त्यांच्याच खोलीत राहायचा, लांज्याकडचा. पण तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी काकांच्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्यावर त्यांची बोटं आपोआप पडायला लागली. गुहागरकडच्या त्यांच्या वाडीत ते जाखडीला मृदंग वाजवत. गणपतीत दोन वाड्यांच्या पार्ट्या समोरासमोर उभ्या राहायच्या, एक शाहीर सवाल टाकायचा, दुसरा तिथल्या तिथे रचून उत्तर द्यायचा, नावानिशी, खोडीनिशी. साईचं तोंड वेगळं होतं, टोपी उलटी होती, बाकी सगळं तेच होतं. त्या दिवसापासून बसचा ठेका काकांच्या डब्यावर आला. काका खिडकी सोडून कायम आतल्या बाजूला बसायचे, का तर कोपराला जागा लागते.

आणि हजेरीची कल्पना काकांचीच. कोणी कायमचा कॅन्सल करून निघाला की त्याच्या शेवटच्या गुरुवारी कवन त्याच्यावरच. पण साईने मनाने काही रचायचं नाही. आधी बसमध्ये सीट सीट फिरायचं, प्रत्येकाने त्या माणसाबद्दल एक गोष्ट सांगायची. एकच, आणि स्वतः पाहिलेली. 'चांगला माणूस आहे' असलं काही चालायचं नाही. एवढं सगळं गोळा झाल्यावर साई चार ओळी म्हणायचा आणि कॅम्पचं गेट आलं की संपलं. पुन्हा म्हणायच्या नाहीत, लिहायच्या नाहीत, फोन खिशात. सहा वर्षांत एकवीस माणसं अशी गेली. एकवीस वेळा काकांनी डबा वाजवला. दर वेळी त्यांच्या मनात यायचं, माझ्या वेळी हे लोक काय सांगतील?

गडबड झाली ती मधुच्या वेळी. मधु त्रिशूरचा, लेथवरचा, रोज उशिरा येणारा. तिसऱ्या खिडकीत तो आपला ओला टॉवेल पडद्यासारखा लावायचा, संध्याकाळचं ऊन त्या बाजूने यायचं म्हणून. साईने त्याच्यासाठी म्हटलं होतं:

तीन नंबर की खिडकी, मधु का तौलिया,
नौ साल उसने धूप को बाहर ही रोक लिया,
आज खिडकी में धूप है, तौलिया नहीं,
सिराजभाई, हॉर्न मारो, मधु आया नहीं।

मधु इतका रडत होता की त्याला धड ऐकूच आलं नाही. म्हणून उत्तमने नियम मोडून हळूच रेकॉर्ड केलेलं त्याला पाठवलं, त्यात उत्तमचा हेतू वाईट मुळीच नव्हता. मधुने ते बायकोला पाठवलं, बायकोने भावाला, भावाने जगाला. साई तेव्हा दोन महिन्यांच्या सुट्टीवर कळव्याला गेला होता. तिथेच त्याला मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा फोन आला. सुट्टी संपली, तिकिटाची तारीख उलटून गेली आणि साई काही परतला नाही.

सात-आठ महिन्यांनी गाणं आलं. त्यातून मधु गेला होता, सिराज गेला होता, हॉर्न गेला होता. 'खिडकी में धूप है, पर तू नहीं' एवढं उरलं होतं आणि टॉवेलच्या जागी दुपट्टा आला होता. मागे पन्नास व्हायोलिनं रडत होती. लग्नांत वाजलं, रिक्षांत वाजलं, दुबईच्या मॉलमध्ये वाजलं. साईचे केस सोनेरी झाले.

त्यावरून बसमध्ये दोन तट पडले. एक तट म्हणायचा, विकला गेला पोरगा. रॅप असला असतो का? खऱ्या माणसाचं नाव घ्यायची ताकद नाही तर तोंड उघडायचं कशाला? उत्तम उलट म्हणायचा, "अरे, त्याच्या आईने भाड्याची खोली सोडली, स्वतःच्या घरात गेली. तुम्ही दिलं असतं का घर? टॉवेलवर कोण पैसे लावतो?" सिराजचं म्हणणं आणखीनच वेगळं. तो मशीनचा पार्ट आणायला निझवाला गेला होता. तिथे बाजारात एका चहाच्या दुकानात, एक एकटा बंगाली माणूस हेच गाणं लावून डोळे मिटून बसला होता. "गाना खराब होता तो वो बंदा रोता क्या, मियां?" सिराज विचारायचा आणि गियर टाकायचा.

काका कोणत्याच तटात नव्हते. त्यांना राग यायचा खरा, दुपट्ट्याचा तर फारच. पण त्यांची मुलगी उर्वी, चिपळूणला बँकेत होती, ती एकदा फोनवर म्हणाली होती, "बाबा, ते खिडकीचं गाणं लागलं ना, की मला तुम्ही आठवता. ते दुपट्ट्याचं मी सोडून देते. पण ऊन आहे आणि माणूस नाही, हे म्हणजे आपलं घर." तिला ठाऊकच नव्हतं की ते गाणं बाबांच्या डब्यावर जन्मलं. काकांनीही सांगितलं नाही. मधुचं नाव तिथे असतं तर पोरीला बापासाठी जागा सापडली असती का, हा विचार त्यांनी बरेच दिवस डोक्यात घोळवला आणि उत्तर न काढताच सोडून दिला.

साई गेल्यावर गुरुवार मरतुकडा झाला. एकदोघांनी प्रयत्न केला, पण यमकाच्या नादात अडखळून स्वतःच हसले. जाणारे नुसते हात हलवून जायला लागले. आता काकांची पाळी होती. आणि नेमका त्याच आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी, मस्कतला साईचा शो होता. सगळ्या रस्त्यांवर त्याचे सोनेरी केस लटकत होते. काकांचं विमान शुक्रवारी दुपारचं होतं.

उत्तमने न विचारता साईला मेसेज टाकला. काकांनी त्याला चार शिव्या घातल्या, पण त्या रात्री दाढीचं सामान मात्र बाहेर काढून ठेवलं.

गुरुवारी पाच वाजता फॅक्टरीच्या गेटबाहेर खरोखरच साई उभा होता. मोठी काळी गाडी, गळ्यात साखळी, सोबत ऋचा नावाची एक तरतरीत मुलगी आणि एक कॅमेरावाला. पोरांनी एकच गलका केला. साईने गर्दीतून वाट काढली आणि वाकून काकांच्या पायांना हात लावला.

"काका, जाड झालात."

"आणि तू पिवळा झालास. कावीळ झाली काय मेल्या?"

साई जुन्यासारखाच फस्सकन हसला. काकांना त्या क्षणी पोराला घट्ट धरावंसं वाटलं, पण कॅमेरावाला अगदी तोंडासमोर आला होता.

ऋचाने हसून समजावलं, "अंकल, खूप छोटं शूट आहे. साई परत त्याच बसमध्ये, त्याच लोकांसोबत. लोकांना रूट्स बघायला आवडतं. तुम्ही फक्त नॅचरल राहा."

"बाय, नॅचरल आम्ही रोजच असतो," काका म्हणाले, "पण कवनाला फोन खिशात असतो. कॅमेरा खाली."

ऋचाने साईकडे पाहिलं. साईने गळ्यातली साखळी शर्टाच्या आत टाकली. मग तो म्हणाला, "तुम्ही गाडीने मागून या. मी बसने येतो." ऋचाचा चेहरा पडला, पण ती गेली.

बस निघाली. साई ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून मागे तोंड करून उभा राहिला. काकांनी डबा मांडीवर घेतला. चाळीस माणसं इतकी गप्प झाली की एसीची घरघर ऐकू येऊ लागली. काकांनी इतकी वर्षं ज्या घडीची वाट पाहिली ती आता आली होती. साईने डोळे मिटले आणि सुरू केलं:

पसीने से सींचा है सपनों का शहर,
मेरे काका का दिल है मोहब्बत का घर,
मिट्टी से उठे हम, छू लिया आसमान,
जनार्दन काका को सारी बस का सलाम!

टाळ्या पडल्या, शिट्ट्याही. ओळी बिनचूक होत्या, वजनात होत्या, आवाज तर पूर्वीपेक्षा कितीतरी तयार झाला होता. काकांचा हात ठेका देत राहिला, कारण हाताला सवय होती. पण आत सगळं थंड पडलं. सपने, पसीना, मिट्टी, आसमान. यात जनार्दन पाष्टे कुठे होता? नाव काढून उत्तमचं घातलं असतं तरी ओळ तसूभर हलली नसती.

"कधी रचलंस?" काकांनी विचारलं.

"विमानात. टीम होती सोबत. आवडलं नाही?"

"हजेरी घेतली नाहीस."

साईचा चेहरा एकदम उतरला. विसरलो, असं तो म्हणाला नाही. तो विसरला होता हे सगळ्यांनाच दिसत होतं. "काका, आता तसं सुचत नाही मला," तो हळू आवाजात म्हणाला. "खरं सांगतो. नाव टाकलं की ते म्हणतात, हे कोण ओळखतं? टॉवेल टाकला की म्हणतात, हे रोमँटिक नाही. दुपट्ट्यासाठी मी तीन दिवस भांडलो. मग वाटलं, आपलं पहिलंच गाणं, कशाला? आणि चाललं ना काका. इतकं चाललं. कुठल्या कुठल्या गावातून मेसेज येतात, की आमच्या वडिलांच्या वेळी हेच लावलं होतं. त्यांना कसं सांगू की हे खोटं आहे?"

"खोटं कोण म्हणतंय? माझी पोरगीपण तेच ऐकते."

"मग?"

"मग काही नाही. मला माझं पाहिजे होतं, एवढंच."

हे बोलून काकांना स्वतःचीच लाज वाटली. आयुष्यभरात असं उघडपणे त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, बायकोकडेही नाही. ते खिडकीकडे तोंड करून बसले. तिसऱ्या खिडकीतून ऊन सरळ आत येत होतं. मग त्यांच्या मनात एक गोष्ट आली आणि तिने त्यांची लाज पार मोडून काढली. हे पोर इथून गेलं ते सुट्टीवर. याला निरोप कोणी दिलाच नाही.

काका उभे राहिले. चालत्या बसमध्ये उभं राहणं त्यांच्या गुडघ्यांना मानवत नसे, म्हणून उत्तमने त्यांचा पट्टा मागून धरला. "सिराज, बावीस माणसं व्हायला पाहिजे होती, एकवीसच झाली. साईची हजेरी राहिली. तू बोल, तूच पहिला."

सिराजने आरशात पाहिलं. "हौ. पहले दिन ये मियां इंडिया के हिसाब से खडे थे. रोड की उलटी बाजू. मैं गाडी लेके निकल गया, और ये हाथ हिला रहे!"

बस हसली. पुढच्या सीटवरून आवाज आला की दर शुक्रवारी हा टूथब्रशने पांढरे बूट घासायचा. कोणी म्हणालं, मिरचीला घाबरायचा आणि मान्य करायचा नाही. उत्तम म्हणाला, "आईचा फोन आला की जेवला नसला तरी 'जेवलो' म्हणायचा. मी पाहिलंय, हातात रिकामी थाळी असायची." साई खाली मान घालून ऐकत होता. काका आयुष्यात कधी गायले नव्हते, कायम दुसऱ्याच्या शब्दांखाली वाजवत आले होते. त्यांनी डबा साईच्या हातात दिला आणि वाडीच्या जाखडीची चाल घसा खरवडून लावली:

पयल्या दिवशी साई उभा चुकीच्या बाजूला,
गाडी गेली, हा हात दावी जाणाऱ्या गाडीला,
आई पुसे, 'जेवलास का?' हा 'जेवलो' म्हणे तिला,
सुट्टीवर गेला साई, तो सुट्टीवरच राहिला.

कोणी टाळी वाजवली नाही. साई खाली पायरीवर बसला आणि डब्यावर कपाळ टेकून रडला, अगदी लहान मुलासारखा, हुंदके देत. त्याला गप्प करायला कोणी गेलं नाही. त्या बसमध्ये रडणाऱ्याला रडू द्यायची रीत होती.

समोर माबेल्याचा राउंडअबाउट आला. तिथून उजवीकडे वळलं की दोन मिनिटांत कॅम्पचं गेट. साईने डोळे पुसले आणि एकदम उठला. "सिराजभाई, वळू नका. एक चक्कर मारा. काकांची हजेरी घ्यायचीय."

सिराज, ज्याने इतक्या वर्षांत एक मिनिट कोणाला दिलं नव्हतं, त्याने स्टिअरिंग डावीकडेच धरून ठेवलं. बस राउंडअबाउटला गोल फिरायला लागली. मागून ऋचाची काळी गाडी बिचारी गोंधळून तशीच फिरायला लागली. साई एका हाताने सीटा धरत माणसामाणसापाशी थांबत होता. कोणी म्हणालं, काका बोटाने टिचकी मारून पाइपची जाडी सांगतात, मोजून बघितली तर तेवढीच निघते. कोणी म्हणालं, माझे वडील वारले तेव्हा काका काहीच बोलले नाहीत, नुसते दिवसभर माझ्या खाटेवर बसून राहिले. मागच्या एका पोराने सांगितलं, काकांचं घड्याळ अजून भारताच्या वेळेवर आहे. दीड तास पुढे. मी एकदा त्यांना टाइम विचारला आणि बससाठी दीड तास आधी येऊन उभा राहिलो.

काका एकेक ऐकत होते. हे सगळं यांनी पाहिलं होतं. चोवीस वर्षं आपल्याला कोणी पाहत नाही असं समजून ते जगले होते.

दुसरी चक्कर पुरी होता होता सिराजचा फोन वाजला. ऑफिसातून. गाडी गोल का फिरते आहे, असं विचारत होते. सिराज म्हणाला, "ट्रॅफिक है, सर," आणि फोन ठेवून साईकडे बघून ओरडला, "यल्ला, जल्दी!"

साई दांड्यापाशी गेला. आता त्याचा आवाज तयारीचा नव्हता. डबा उत्तमने घेतला होता आणि तो अगदीच बेताल वाजवत होता.

काकांचं घड्याळ चोवीस वर्षं गावच्या वेळेनं चालतं,
आपल्या खिडकीत ऊन असतं, तिथं कुणी दिव्यात तेल घालतं...

तो थांबला. सगळे थांबले. तिसरी ओळ आलीच नाही. बस वळली, गेट आलं, सिराजने ब्रेक लावला आणि दार उघडलं.

"काका, दोनच झाल्या," साई म्हणाला. "पुढच्या दोन मी पाठवतो. रात्रीत पाठवतो."

काकांनी उत्तमकडून डबा परत घेतला. "पाठवू नको. गेटच्या आत चालत नाय, माहीत आहे ना?" मग त्यांनी त्याच्या पिवळ्या केसांवरून हात फिरवला. "उद्या तुझा मोठा कार्यक्रम आहे. जेवून जा."

"जेवलो," साई म्हणाला, आणि दोघंही हसले.

मार्चपासून काका वाडीतच असतात. घर स्लॅबचं आहे, पुढे पडवी आहे, प्रभावतीकाकूंनी तिथे तुळशीच्या बाजूला खुर्ची ठेवून दिली आहे. घड्याळ हातात असतं. ते आता नुसतं बरोबर असतं, कोणाच्याही पुढे नाही. गुरुवार आला की संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडे पाच वाजले की, काका स्टीलचा डबा मांडीवर घेतात. पहिल्या दोन ओळी ओठांतल्या ओठांत म्हणतात. गेटच्या आतला नियम मोडतो आहोत हे त्यांना कळतं, पण त्यांच्याने राहवत नाही. पुढच्या दोन ओळींची जागा ते नुसती वाजवतात आणि डबा बाजूला ठेवतात. त्या वेळी त्यांना बस फार आठवते. घरी यायला जन्मभर झुरलो आणि आता घरात बसून झुरतोय कशाला, याचं त्यांना मोठं नवल वाटतं.

एका गुरुवारी उर्वी चिपळूणहून आली होती. तिने ऐकलं. "बाबा, मध्येच रिकामं का वाजवता?"

तेव्हा काकांनी तिला सगळं सांगितलं. मधुचा टॉवेल, दुपट्टा, हजेरी, राउंडअबाउट. ते गाणं तिने बापाच्या आठवणीत शेकडो वेळा ऐकलं होतं. मग ती सरसावून म्हणाली, "मग तुमच्या हजेरीत मलाही घ्या. मी सांगते एक गोष्ट."

काकांनी डबा पुढे ओढला. उर्वीने तोंड उघडलं आणि तिला काही सुचेना. खजूर आणायचात, ती म्हणाली, पण खजूर सगळ्यांचेच बाप आणतात. दर दोन वर्षांनी महिनाभर यायचात. तेही सगळ्यांचेच. चोवीस वर्षांत स्वतः पाहिलेली, फक्त या बापाची अशी एक गोष्ट ती शोधत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. काका घाईने म्हणाले, "असू दे गो, असू दे." पण त्यांनाही लागलं. चाळीस परक्या माणसांना जे ठाऊक होतं ते हिला ठाऊक नव्हतं, आणि तो दोष कोणाचाच नव्हता.

प्रभावतीकाकू दिव्यात तेल घालत होत्या. त्यांनी मागे न वळता विचारलं, "स्वतः पाहिलेलीच पाहिजे? ऐकलेली चालेल?"

"चालेल," काका म्हणाले.

"फोन ठेवायच्या आधी तुम्ही दोनदा खाकरायचात. दर शुक्रवारी. एकदा खाकरलात की मला कळायचं, आता ठेवणार. दुसऱ्यांदा खाकरायच्या आत मी काहीतरी विचारायचे, उगाच. पाणी येतं का, भाताला कढ येतो का, काहीही. म्हणजे तुम्ही आणखी थोडं बोलाल."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. भाताला कढ येतो का, हे त्यांना चोवीस वर्षं विचारलं गेलं होतं आणि ते चोवीस वर्षं चिडून उत्तर देत आले होते. त्यांनी डबा वाजवायला घेतला. पहिल्या दोन ओळी म्हटल्या, मोठ्याने. तिसरीच्या जागेवर त्यांनी ठेका धरून ठेवला आणि दोनदा खाकरले.

काकू हातातलं तेलाचं भांडं तसंच धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पाणी येतं का तिकडे?"